अंगणातील दफनभूमीची सुधारणा : प्रकल्प नोंदी, न्यू जर्सी, २०२४

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

एडिसन येथील आमच्या घरापुढच्या हिरवळीवर दर ऑक्टोबरमध्ये हॅलोविनची मांडणी उभी राहते आणि ती बहुतेक सगळी घरीच केलेली असते. यंदा तिच्यात भर घालायची नाही, ती सुधारायची, असे ठरवून या नोंदी सुरू करत आहे. मागील वर्षी पदपथावरून काढलेली छायाचित्रे आज पुन्हा नीट पाहिली. राखाडी थडगी, सांगाडे, कोळ्याची जाळी, हवेने फुगवलेले भूत, भोपळे आणि लुकलुकणाऱ्या माळा असे सगळे त्यांत आहे. परंतु सगळ्यावर सारखाच प्रकाश असल्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. गोळ्या-चॉकलेटे मागायला येणारे मूल पदपथ सोडून आमच्या वाटेवर पाऊल ठेवते आणि दारापाशी पोहोचते, तेवढ्या वेळात त्याला एकापाठोपाठ एक काय दिसावे, हाच या प्रकल्पाचा मुख्य प्रश्न आहे.

घरसामान विकणाऱ्या होम डेपो या अमेरिकी दुकानसाखळीने २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा २९९ डॉलरना विक्रीस आणला, तेव्हापासून अंगणांमध्ये उंचीची चढाओढ लागलेली दिसते. तो सांगाडा बनवलेला चांगला आहे यात शंका नाही. मात्र तो भर दुपारीही तितकाच दिसतो, त्यामुळे खुद्द ३१ ऑक्टोबरच्या रात्रीसाठी त्याच्यापाशी नवे काही उरत नाही, असे मला वाटते. आमची मांडणी दिवसा साधी दिसली तरी चालेल. तिने अंधार पडल्यावर जागे व्हावे. म्हणून यंदा तयार वस्तू विकत घ्यायची नाही, फक्त कच्चा माल घ्यायचा.

लुकलुकणाऱ्या माळा आणि फुगवलेले भूत आजच बाजूला काढले, कारण त्या भुताच्या पंख्याचा घरघराट बाकी सगळे आवाज खाऊन टाकतो. कापसाची जाळीही यंदा झुडपांवर पसरायची नाही. तिच्या तंतूंत लहान पक्षी आणि मधमाश्या अडकतात.

२८ सप्टेंबर, शनिवार

दुकानांत मिळणारी थडगी झाडून सगळी राखाडी असतात. आपल्या भागातील खरी जुनी थडगी कशी आहेत हे पाहण्यासाठी आज एलिझाबेथ शहरातील फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात गेलो. तेथील अठराव्या शतकातील शिळा तांबूस तपकिरी वालुकाश्माच्या आहेत. न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध तपकिरी दगडी घरे ज्या जातीच्या दगडाची आहेत, त्याच जातीचा हा दगड असून त्यातील लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याला हा रंग येतो. तो थरांनी बनलेला असतो. थरांमध्ये पाणी मुरते, हिवाळ्यात गोठून फुगते, आणि शिळेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटून पडतो. अनेक शिळांवर अर्धा मजकूर शाबूत आणि अर्धा गळून गेलेला, असे दिसले. आपल्या खोट्या शिळांना खरेपण यायचे असेल तर ते या झिजेतूनच येईल. काळ्या रंगाचे ओघळ सोडून ते साधणार नाही.

आकारही ठरलेला आहे: मध्ये मोठी कमान आणि दोन्ही बाजूंना दोन लहान खांदे. कमानीतील कोरीवकाम काळानुसार बदलत गेले. आधीच्या शिळांवर पंख असलेली कवटी असते, पुढे त्या जागी पंख असलेला बालमुखी देवदूत येतो, आणि अठरावे शतक संपताना कलश व झुकलेले विलो वृक्ष दिसू लागतात. याच गावचा एबेनेझर प्राइस हा त्या काळचा नावाजलेला शिळा-कोरक. त्याने आपल्या कामावर सही केलेल्या शिळाही आहेत. मी फक्त छायाचित्रे काढली. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेण्याची जुनी पद्धत अशा ठिसूळ दगडाला अपाय करते.

आमच्या शिळांवर कोणाचेही नाव, अगदी विनोदी नावही, कोरायचे नाही असे ठरवले. ज्या दगडांवरून आपण शिकतो आहोत त्यांच्याखाली खरी माणसे आहेत. झिजलेल्या अक्षरांच्या ओळी आणि एखादे अर्धवट साल एवढेच पुरे.

५ ऑक्टोबर, शनिवार

शिळांसाठी दोन इंच जाडीचा गुलाबी इन्सुलेशन बोर्ड आणला. हा आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच भाऊबंद, पण त्यात दाणे नसतात. थर्माकोलवर बारीक कोरताना दाणे निखळून कडा खरबरीत होतात. या बोर्डावर कडा सुरीने घेतल्यासारखी स्वच्छ निघते. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी येण्यापूर्वी घरोघरी गणपतीची मखरे त्यातून कोरली जात. तापलेल्या तारेने कमान कशी काढावी, हात न थांबवता तार कशी ओढावी, आणि थांबलेच तर तिथे खड्डा पडतो हे कसे सांभाळावे, हे सगळे मी वडिलांशेजारी बसून मखरांवरच शिकलो. तो हात आज जसाच्या तसा उपयोगी पडला.

कवटी आणि पंख सोल्डरिंगच्या कावियाने कोरले, अक्षरे धारदार कटरने तिरका काप घेऊन. पापुद्रा सुटल्याचा भाग कापायचा नाही, हाताने मोडायचा: आधी कटरने उथळ रेघ मारावी आणि मग चाकूचे टोक आत घालून तुकडा उचकटावा. मोडलेली कड नैसर्गिक दिसते आणि कापलेली लगेच ओळखू येते. तापवलेल्या फोमचा धूर विषारी असतो, त्यामुळे सगळे काम गॅरेजचे दार पूर्ण उघडून, मास्क लावून केले. तसे करता येत नसेल त्याने हे काम नुसत्या कटरने करावे. वेळ लागेल, पण होते.

६ ऑक्टोबर, रविवार

शिळा उभ्या करण्यासाठी जमिनीत सळया ठोकाव्या लागतील, म्हणून ८११ या, खोदण्याआधी कळवण्यासाठीच्या, दूरध्वनी क्रमांकावर कळवले. जमिनीखालील गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्या मोफत आखून दिल्या जातात. हे काम उथळ असले तरी ही पायरी गाळू नये.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी कटर, काविया, ड्रिल आणि ब्रश पाटावर मांडून त्यांची पूजा केली. दुपारी रंगकाम सुरू केले.

या बोर्डावर साधा स्प्रे पेंट थेट मारू नये, कारण त्यातील द्रावक फोम वितळवतो. आधी पाण्यात मिसळणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या रंगाचे दोन हात द्यावेत. पहिल्या हातात बारीक वाळू मिसळली; तिच्यामुळे पृष्ठभागाला दगडाचा कस आला आणि फोमची चकाकी गेली. तळरंग गडद तांबूस तपकिरी ठेवला. त्यावर ओल्या स्पंजने विटकरी आणि फिकट गुलाबी छटा ठिपकवल्या, आणि पापुद्रा सुटलेला आतला भाग किंचित उजळ ठेवला, कारण खऱ्या शिळांवर ताजी तुटलेली जागा जुन्या पृष्ठभागाहून उजळ असते. शेवटी काळा रंग भरपूर पाणी घालून पातळ केला आणि शिळा उभी धरून वरून फवारला. पाणी जिथे साचते तिथेच तो बसतो: अक्षरांत, पंखांच्या खाचांत, कमानीच्या कडेखाली. पायथ्याशी हिरवट राखाडी शेवाळ स्पंजनेच, पण सगळ्या शिळांवर एकाच बाजूला लावले. सूर्य सगळ्यांना एकाच दिशेने लागतो, तर शेवाळाचीही दिशा एकच हवी.

शिळेच्या पाठीत पीव्हीसीची नळी बसवून ती जमिनीतील सळईवर वरून सरकवायची, अशी रचना केली आहे. दोन इंची फोम म्हणजे वाऱ्यापुढे शीडच, आणि ऑक्टोबरअखेरचे इथले हवामान भरवशाचे नाही. २०१२ मध्ये सँडी वादळामुळे राज्यपालांनी संपूर्ण न्यू जर्सीतील हॅलोविन ५ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलले होते. शिळा काही क्षणांत उचलून आत नेता आल्या पाहिजेत. त्या काढल्यावर सळयांची टोके उघडी राहतात, म्हणून प्रत्येक टोकाला टोपी असावी.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

प्रकाशाची चाचणी आज मुद्दाम घेतली नाही. आज पौर्णिमा आहे आणि चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्यामुळे अंगण लख्ख उजळलेले आहे. ३१ तारखेला मात्र अमावास्या असेल. आज जुळवलेला प्रकाश त्या रात्री निरुपयोगी ठरेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

वाटेच्या मध्यावर, ओकच्या झाडाखाली, एक तरंगणारे भूत हवे आहे. त्यासाठी अंगणात मांडणी करणाऱ्या हौशी लोकांची एक जुनी युक्ती वापरली, जी मला या साऱ्या कलेतील सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. वर आडव्या चौकटीवर एक मंद फिरणारी गिअरची मोटर बसवायची आणि तिच्या दांड्याला एक लहान भुजा जोडायची. भुजेच्या टोकाला तंगुसाचे तीन धागे बांधायचे. ते चौकटीतील तीन वेगवेगळ्या कड्यांतून ओवून एक भुताच्या डोक्याला आणि दोन त्याच्या मनगटांना न्यायचे. भुजा फिरताना ती एका कडीपासून दूर आणि दुसरीच्या जवळ जाते, त्यामुळे तिन्ही धागे निरनिराळ्या वेळी ओढले जातात. डोके वर येते तेव्हा एक हात खाली जात असतो आणि दुसरा मध्येच असतो. मोटर एकच, गती एकसारखी, तरीही पाहणाऱ्याला हालचाल जिवंत वाटते, कारण शरीराचा कोणताही भाग दुसऱ्याबरोबर एका तालात हलत नाही.

मोटर मिनिटाला सहा-सात फेरे करते. त्याहून वेग वाढला की भूत कळसूत्री बाहुली वाटू लागते. गाडीच्या वायपरची मोटर अनेकजण वापरतात. ती १२ व्होल्टची असते आणि सुमारे ५ व्होल्टवर चालवली तर पुरेशी मंद होते. माझ्यापाशी आधीच कमी वेगाची मोटर असल्यामुळे ती खटपट टळली.

भुताचे वस्त्र विरळ विणीच्या सुती कापडाचे आहे. ते डिटर्जंटमध्ये धुऊन न खळबळता वाळवले, कारण डिटर्जंटमधील उजळके द्रव्य अतिनील प्रकाशात निळसर पांढरे चमकते. एक लहान अतिनील दिवा झाडामागे दडवला की कापड स्वतःच उजळल्यासारखे दिसते, आणि मोटर, चौकट, धागे सगळे अंधारात राहते. कड्या घासून गुळगुळीत केल्या, नाहीतर तंगूस हळूहळू कापला जाऊन ऐन संध्याकाळी तुटेल.

२० ऑक्टोबर, रविवार

या महिन्यात पाऊस जवळजवळ पडलेलाच नाही आणि राज्याने दुष्काळाची पूर्वसूचना दिली आहे. गवत पिवळे पडले आहे, ओकची पाने कुरकुरीत झाली आहेत. त्यामुळे मूळ आराखड्यातील गवताच्या पेंढ्या वगळल्या आणि भोपळ्यांत मेणबत्तीऐवजी एलईडी ठेवायचे ठरवले. मेणबत्तीच्या ज्योतीची थरथर मला प्रिय आहे आणि एलईडी तिची बरोबरी करत नाही. पण लांब झग्यांतील मुले वाटेवरून जाणार असतील तेव्हा वाळलेल्या पाचोळ्याजवळ उघडी ज्योत ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंचा पाचोळाही ओढून टाकला. शिळांच्या पायथ्याशी थोडा ठेवला आहे, तिथे दिवे नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

चंद्र आता मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तेव्हा आज प्रकाशाची खरी चाचणी झाली आणि तिने आराखडा बराच बदलला.

मूळ बेत असा होता की सगळ्या दफनभूमीवर निळा प्रकाश टाकून चांदण्याचा भास करायचा. झाडाची खोडे आणि भुताचे वस्त्र त्या प्रकाशात सुंदर दिसले. शिळा मात्र काळ्याठिक्कर पडल्या आणि सगळे कोरीवकाम नाहीसे झाले. कारण सरळ आहे. तांबूस तपकिरी पृष्ठभाग निळा प्रकाश शोषून घेतो, आणि मंद उजेडात आपला डोळाही निळ्या-हिरव्याला अधिक आणि लालसर रंगांना कमी संवेदनशील होतो. दुकानातील राखाडी थडगी निळ्या प्रकाशात उठून दिसतात, त्यामुळे सर्वत्र निळे दिवे लावण्याची पद्धत पडली असावी.

म्हणून शिळांना वेगळा प्रकाश दिला. प्रत्येक शिळेच्या एका बाजूला, जमिनीलगत, कमी वॅटचा अंबर रंगाचा दिवा ठेवला आणि त्याचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, घासून जाईल असा वळवला. समोरून टाकलेला प्रकाश खाचा भरून टाकतो आणि चित्र सपाट करतो. बाजूने घासून जाणारा प्रकाश प्रत्येक खाचेत सावली पाडतो. कवटीचे दात, पंखांची पिसे, अर्धवट अक्षरे एकदम उठून आली. निळा झोत आता फक्त ओकवर आणि मागच्या कुंपणावर आहे. या दोन रंगांमध्ये मुद्दाम अंधाराचा पट्टा सोडला आहे. अंधाराचा पट्टा हाही मांडणीचाच भाग आहे, हे मला या प्रकल्पात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

दिव्यांच्या जागा ठरवताना मुलीला वाटेवरून चालायला लावले आणि मी गुडघ्यांवर बसून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले. मोठ्यांच्या उंचीवरून लपलेले दोन दिवे तिथून थेट डोळ्यांत येत होते. त्यांच्यापुढे शिळांचे उरलेले तुकडे आडोशाला लावले. लहान मुलांच्या मांडणीत उंची लहान मुलाचीच धरावी.

२६ ऑक्टोबर, शनिवार

धुके. यंत्र ४०० वॅटचे आहे. ते ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण तापवून बाहेर सोडते आणि हवेत त्याचे सूक्ष्म थेंब बनतात. हे धुके गरम असल्यामुळे लगेच वर चढते आणि घराला आग लागल्यासारखे दिसते. ते जमिनीलगत हवे असेल तर थंड करावे लागते. त्यासाठी प्लास्टिकच्या बर्फपेटीत तारेच्या जाळीवर बर्फ रचला, एका बाजूने धुके आत सोडले आणि दुसऱ्या बाजूला तळाशी भोक ठेवले. बर्फाखालून जाणारे धुके भोवतालच्या हवेपेक्षा थंड आणि जड होते, शिळांच्या पायथ्याशी पसरते आणि तिथेच रेंगाळते.

शुष्क बर्फाचा पर्याय विचारात घेतला नाही. तो उणे ७८ अंश सेल्सिअसला असतो, हात लागला तर त्वचा भाजते, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे नेमका लहान मुलांच्या उंचीवर साचतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सध्या नाशिकहून आलेल्या आईने विचारले, “अरे, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात थडगी ठेवणार आहेस का?” प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रातील पंचांगांत यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे. परंतु न्यू जर्सीच्या वेळेनुसार अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागून १ तारखेच्या सकाळी संपते, त्यामुळे येथील प्रदोषकाळ ३१ तारखेचाच, म्हणजे अगदी हॅलोविनच्या वेळेचा.

मी म्हणालो, “आई, थडगी रस्त्याकडेला राहतील. दाराशी तू म्हणशील ते.”

तिने वाटेची शेवटची दोन फरशांची जागा, पायऱ्या आणि ओसरी मागून घेतली. तिथे रांगोळी, पायऱ्यांवर पणत्या आणि वर आकाशकंदील असेल. ओसरी सिमेंटची आहे आणि तेथील पाने झाडून काढली आहेत. तरीही पणत्या कठड्याच्या आतल्या बाजूला, मुलांच्या झग्यांपासून दूर ठेवायच्या ठरल्या. हे मान्य केल्यावर लक्षात आले की माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मुलाला आधी अंधारातील शिळा दिसतील, मग धुके, मग ओकखालचे भूत, आणि ते मागे पडल्यावर उबदार उजेडातील दार. शेवटी घाबरवणारे काहीतरी असलेच पाहिजे असा समज आहे. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला दारापर्यंत येण्याचे धैर्य समोरचा उजेडच देतो. त्याच कारणाने भुताच्या मोटरचा स्विच ओसरीवर घेतला आहे. फार लहान मूल आले तर भूत थांबवता येईल.

ओसरीवर एक मोरपंखी निळा भोपळाही ठेवत आहोत. खाद्यपदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी या घरी खाऊशिवाय अन्य भेटही मिळते, अशी त्या रंगाची खूण गेल्या दशकापासून अमेरिकेत रूढ झाली आहे. आमच्याकडे पेन्सिली आणि लहान भोवरे असतील.

विजेचा हिशेब: बाहेरच्या सॉकेटची वाहिनी १५ अँपिअर आणि १२० व्होल्टची, म्हणजे १८०० वॅट, सलग वापरासाठी त्याच्या ८० टक्के, १४४० वॅट धरावे. धुक्याचे यंत्र सोडले तर दिवे आणि मोटर मिळून भार फारच थोडा आहे. सर्व सॉकेट गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आहेत, वायरी बाहेरच्या वापरासाठीच्या आहेत, आणि जोड जमिनीपासून वर उचलून बांधले आहेत. वाटेला आडवी जाणारी एकही वायर नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, रात्र

दिवसा पारा पंचवीस अंशांच्या पुढे गेला होता, जे इथल्या ऑक्टोबरअखेरीला अगदीच अनपेक्षित. बर्फ भराभर वितळला आणि पेटी वारंवार भरावी लागली. मात्र हवा उबदार आणि धुके थंड, असा मोठा फरक असल्यामुळे ते जमिनीला चांगले धरून राहिले. वाऱ्याची झुळूक आली की विरायचे. धुके सतत न सोडता वारा पडल्यावर थोडे थोडे सोडणे अधिक परिणामकारक ठरले, आणि द्रवही वाचला.

सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो, आणि सर्वांत लहान मुले त्याआधीच येऊन जातात. त्यांना कोरीव शिळा आणि न हलणारे भूत एवढेच दिसले, ते ठीकच झाले. पूर्ण अंधार पडल्यावर मांडणी खुलली. मोठी मुले शिळांपाशी थांबून वाकून अक्षरे वाचू पाहत होती. मागील वर्षांत कोणी तिथे थांबत नसे. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी दगडाचा तांबूस रंग पाहून विचारले, की हे इथल्या जुन्या चर्चच्या आवारातले आहेत का. या प्रकल्पासाठी मला याहून मोठी पावती नको होती.

भुताचा उजव्या मनगटाचा धागा एका कडीत अडकू लागला होता. पुढच्या वर्षी तिन्ही कड्यांच्या जागी लहान कप्प्या लावाव्यात.

३ नोव्हेंबर, रविवार

आज घड्याळे एक तास मागे गेली. अंधार लवकर पडणार म्हणून दुपारीच सगळे आवरले. शिळा उभ्या ठेवल्या आहेत, मध्ये जुन्या चादरी, कारण एकमेकींवर आडव्या रचल्या तर कोरलेल्या कडा दबतात. तंगूस कापून टाकला, तो दरवर्षी नवाच वापरावा. धुक्याच्या यंत्रातील द्रव काढून त्यातून शुद्ध पाणी चालवले. दिव्यांच्या जागी हिरवळीत लहान लाकडी खुंट्या ठोकून त्यांचे मोजमाप आराखड्यावर लिहिले, त्यामुळे कोन पुन्हा शोधावे लागणार नाहीत.

पुढील वर्षी नवी भर एकच: कलश आणि विलो कोरलेली एक शिळा, इतरांपेक्षा कमी झिजलेली, रांगेच्या घराकडील टोकाला. पंख असलेल्या कवटीपासून ती तिथपर्यंत वाट चालताना शतक सरत गेल्याचे दिसावे, अशी इच्छा आहे. बोर्डाचा तेवढा तुकडा उरला आहे.